पाचवा मजला, लिफ्ट नाही: घरसामान हलवणाऱ्यांच्या पाठी कशा वाचवायच्या?

टेम्पो_चिंचवड
नमस्कार मंडळी. पॅकर्स-मूव्हर्सचं काम करणाऱ्या आणि जाणणाऱ्या सगळ्यांसाठी हा धागा. आमचा एक ४०७ टेम्पो आणि एक छोटा हत्ती (लहान टेम्पो) आहे, टोळीत आठ जण.

माझं मत आधी मांडतो. या धंद्यात माणूस जायबंदी होतो तो जिन्यात, पण त्याचं कारण फोनवरच ठरलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, "टू बीएचके आहे, किती घ्याल?" आपण आकडा सांगतो. त्या आकड्यात तीन माणसं बसतात, चौथा परवडत नाही. तिथे गेल्यावर कळतं की लॉकरवालं कपाट आहे, इन्व्हर्टरची दीडशे एएचची बॅटरी आहे, जिना जेमतेम तीन फुटांचा आहे, आणि लिफ्ट असली तरी सोसायटी वापरू देत नाही. मग तिघं पाचाचं काम करतात.

विचारायचं ते असं: एका माणसाने किती उचलावं याला कायद्याचा काही आकडा आहे का? जिन्यासाठी खांद्याचा पट्टा बरा की ट्रॉली? आणि दहापेक्षा कमी माणसं असणाऱ्याने विम्याचं काय करावं?

कायद्याचं_बोला
वजनाबद्दल. घरसामान हलवण्यासाठी असा खास आकडा नाही. जवळचा आकडा बांधकाम कामगारांच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत आहे: प्रौढ पुरुष ५५ किलो, प्रौढ स्त्री ३०. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९६७ ची शिफारस क्रमांक १२८ सुद्धा पुरुषासाठी ५५ च म्हणते. विम्याचं सविस्तर रात्री लिहितो.

जुना_मुकादम
५५ म्हणजे गोणी पाठीवर नीट बसली तर. गोणी अंगाला धरून बसते, मऊ असते, पकडायला कान असतात. साखरेचं पोतं एके काळी शंभर किलोचं असायचं, आता पन्नासचं येतं, त्यामागे हमालांच्या पाठीचाच विचार आहे. पण कपाट अर्धं करून कोणी देत नाही. ५५ किलोचा फ्रीज आणि ५० किलोचं पोतं यांची तुलनाच करू नका.

बर्मिंगहॅमकर
मुकादमकाका बरोबर बोलले. इकडे ब्रिटनमध्ये १९९२ च्या नियमांत कमाल वजन दिलेलंच नाही, वजन कुठे धरलंय यावर भर आहे. सरकारी मार्गदर्शक आकडे पुरुषासाठी असे: कमरेच्या उंचीला, अंगाशी धरून २५ किलो. तेच जमिनीवरून उचलायचं तर १०. खांद्याच्या वर, हात लांब करून ५. स्त्रीसाठी कमरेच्या उंचीला १६.

दुसरं म्हणजे दोघांनी उचललं की ताकद दुप्पट होत नाही. दोघांची मिळून बेरजेच्या दोन-तृतीयांश धरतात, तिघांची निम्मी. पंचवीस-पंचवीसचे दोघे म्हणजे ३३ च्या आसपास, तिघे म्हणजे ३७. पावलं जुळत नाहीत, एकाची पकड चांगली तर दुसऱ्याची वाईट, म्हणून.

टेम्पो_चिंचवड
@बर्मिंगहॅमकर, म्हणजे ५५ किलोच्या डबलडोअर फ्रीजला तिघंही कमी?

बर्मिंगहॅमकर
नुसत्या हातांनी, हो. आणि तीन फुटांच्या जिन्यात तिसरा उभा कुठे राहणार? माणसं वाढवून हा प्रश्न सुटत नाही, साधन लागतंच.

फिजिओ_मनीषा
जमिनीवरून उचलायचा आकडा इतका कमी का, हे मुलांना समजावताना मी हा हिशेब सांगते. खोका २० किलोचा आणि कमरेच्या मणक्यापासून ६० सेंमी पुढे. तो तोलून धरणाऱ्या पाठीच्या स्नायूंचा दांडा असतो फक्त ५ सेंमीचा. २० गुणिले ६० भागिले ५, म्हणजे २४० किलोची ओढ त्या स्नायूंवर, आणि निदान तेवढाच दाब खालच्या मणक्यांमधल्या गाद्यांवर. तोच खोका छातीशी, २५ सेंमीवर घेतला की आकडा १०० वर येतो. यात वाकलेल्या धडाचं वजन धरलेलंच नाही. खोका तोच, माणूस तोच.

गादी सरकते ती बहुतेक वेळा एल४-एल५ किंवा एल५-एस१ या जागी, म्हणजे कमरेच्या अगदी खालच्या मणक्यांमध्ये. नुसतं वाकण्यापेक्षा वाकून वळणं वाईट. टेम्पोतून खोका घेऊन पाय जागेवर ठेवत कमरेत वळायचं आणि मागच्याला द्यायचं, ही साखळी मी प्रत्येक शिफ्टिंगला बघते. पाय फिरवा, कंबर नको. दोघांमध्ये दोन पावलांचं अंतर ठेवा, म्हणजे पाय हलवावेच लागतात.

आणि हे टोळीतल्या प्रत्येकाला माहीत हवं: पाठदुखीसोबत लघवी अडली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर मालीश, शेक, "उद्या बघू" असलं काही नको. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या. उशीर झाला तर ते नुकसान भरून येत नाही.

जिमवाला_ठाणे
सगळ्यांना कमरेचा रुंद पट्टा द्या, वेटलिफ्टर घालतात तसा. पाच-सहाशे रुपयांत मिळतो. प्रश्न मिटला.

फिजिओ_मनीषा
@जिमवाला, नाही हो. अमेरिकेच्या निओश या संस्थेने १९९४ मध्येच तपासून सांगितलं की निरोगी कामगाराला त्या पट्ट्याने इजा टळते असा पुरावा नाही. उलट पट्टा बांधला की माणसाला जास्त उचलायचा हुरूप येतो. वेटलिफ्टर एक वजन उचलून खाली ठेवतो, पाच मजले चढत नाही. त्या पैशांत हातमोजे आणि बूट घ्या.

जिमवाला_ठाणे
मान्य ताई. बुटांवर बोलू या का मग? कारण निम्मी टोळी स्लिपरवर असते.

टेम्पो_चिंचवड
बूट आहेत. अडचण दारात येते. गिऱ्हाईक म्हणतं, "चपला-बूट बाहेर काढा, आत देव आहेत." मुलं अनवाणी कपाट उचलतात.

सोनचाफा
मी गिऱ्हाइकाच्या बाजूची. घर सोडताना फरशी खराब होईल म्हणून कोणी अडवत नाही, नव्या घरात मात्र अडवतात. निळी प्लॅस्टिकची बूटकव्हरं का नाही वापरत?

जुना_मुकादम
ताई, ती कव्हरं व्हिट्रिफाइड टाइलवर साबणासारखी सरकतात. हातात वजन असताना तर मुळीच नकोत. जुनी चादर अंथरतात तेही वाईट, पायाखाली गोळा होते. कोरुगेटेड शीटचा (नालीदार पुठ्ठ्याचा) रोल घ्या, दारापासून खोलीपर्यंत अंथरा, कडा टेपने फरशीला चिकटवा. टेप कागदी, म्हणजे डाग राहत नाही. किंवा प्रत्येकाचा रबरी तळव्याचा एक जोड फक्त घरात वापरायचा ठेवा आणि तळवा गिऱ्हाइकासमोर पुसून आत जा. देवांची अडचण आली तर देव आधी हलवा, बहुतेक घरांत ते स्वतःच्या हातानेच नेतात.

विदर्भवीर
बूट घेताना आयएस १५२९८ चा शिक्का बघून घ्या. पुढे पोलादी टोपी असलेले. कपाटाचा खालचा पत्रा बोटांवर आला की काय होतं ते लिहीत नाही.

जुना_अभियंता
आता जिना. मूळ प्रश्न पट्टा की ट्रॉली, त्याला धरून लिहितो.

तिरकं सामान नेताना दोघांवर सारखा भार येत नाही. फ्रीज जिन्यात आडवा-तिरका झाला की त्याचा भारमध्य खालच्या माणसाकडे सरकतो, जितका चढ उभा तितका जास्त. म्हणून खाली अनुभवी आणि दणकट माणूस, आणि हुकूम त्याचाच. वरचा ओढतो म्हणून तोच "चल चल" करतो, ते चूक. "थांब" मात्र कोणीही म्हणावं आणि सगळ्यांनी थांबावं.

खांद्याच्या पट्ट्याने भार बोटांवरून खांद्या-मांड्यांवर जातो, हात तोल सांभाळायला मोकळे राहतात. सरळ चालीत, टेम्पोपासून लॉबीपर्यंत, तो छान. जिन्यात धोका असा की पाय घसरला तर सामान सोडता येत नाही, माणूस त्याच्याबरोबर जातो. वापरलाच तर बक्कल एका झटक्यात सुटणारं हवं आणि पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही.

तीन-तीन चाकांची जिना चढणारी ट्रॉली सरळ जिन्यात फार कामाची. फ्रीजला दोन जागी रॅचेट पट्टा (खटक्याने आवळायचा): एक खालच्या तिसऱ्या हिश्शात, एक खांद्याशी. वरून दोघं ओढणार, तिसरा भिंतीच्या बाजूने दिशा देणार, ट्रॉलीच्या थेट खाली कोणी नाही. फिरत्या त्रिकोणी पायऱ्या असतील किंवा कोट्याच्या फरशीची नाकं (पायऱ्यांच्या पुढच्या कडा) तुटलेली असतील तर ट्रॉली विसरा, चाक अडकून उलटते. तिथे पट्टा, आणि जिन्याच्या प्रत्येक चौकात (वळणाच्या सपाट जागी) सामान खाली टेकवून विश्रांती.

टेम्पो_चिंचवड
मग लिफ्ट नसेल तिथे बाल्कनीतून दोराने सोफा सोडणं कितपत बरोबर? बरेच जण तेच करतात.

जुना_अभियंता
टाळा. करायचंच तर हे समजून करा. गाठ मारली की दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरते. कठड्याच्या धारेवर दोर घासला की उरलेली तिथे जाते. साडेचार इंची विटांचा कठडा वरून दाब सोसतो, आडवी ओढ सोसत नाही. खिडकीची ग्रिल प्लास्टरमधल्या स्क्रूंवर उभी असते, तिला दोर कधीही बांधू नये. दोर घराच्या आत आरसीसी खांबाला दीड-दोन वेढे देऊन सोडला तर घर्षणाने भार धरला जातो आणि एक माणूस आवरू शकतो. कठड्यावर गोणपाटाची जाड गुंडाळी, सामानाला खालून दिशा देणारा दुसरा दोर, आणि खाली सोफ्याच्या लांबीच्या तिप्पट जागा मोकळी, आणि तिथे कोणी येऊ नये म्हणून तिच्या कडेला उभा एक माणूस. नायलॉन ताणला की लांबतो आणि हिसका देतो, तेही लक्षात ठेवा. कठड्यावर चढून ओढणारा कोणी असेल तर काम तिथेच थांबवा.

भटक्या_कोथरूड
एवढं वाचून मी सोफा जुन्या घरातच सोडून जाणार, जमिनीवर सतरंजी बेस्ट. 🙂

काचवाला_दादर
काचेचं कोणी लिहिलं नाही. डायनिंग टेबलाची काच किती जड हे अंदाजाने ठरवू नका, हिशेब सोपा आहे: चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. पाच बाय तीन फूट, १० मिमी काच म्हणजे सुमारे १.४ चौरस मीटर, वजन ३५ किलो. एकट्याची गोष्ट नव्हे. काच कायम उभी, कडेवर, आडवी कधीच नाही. आडवी धरली की स्वतःच्या वजनाने मध्ये वाकते. टेपची फुली मारल्याने काच फुटायची थांबत नाही, फुटली तर तुकडे जागेवर राहतात एवढाच उपयोग. हातमोजे नायट्राइल रबराच्या तळव्याचे, सुती मोज्यातून काच निसटते. मानेपासून पोटापर्यंत काही आडवं येणार नाही अशी धरा, आणि सुटलीच तर झेलायला जाऊ नका. काच गेली तर गेली.

सोनचाफा
पुस्तकांचे खोके मी स्वतः भरते, मोठमोठे. चूक?

जुना_मुकादम
हो ताई. ४५ बाय ३० बाय ३० सेंमीच्या खोक्यात पुस्तकं ठासली की २५ किलोच्या वर जातो. त्याच्या दुप्पट खोका भरला तर तळ फाटतो आणि तोही जिन्यात. पुस्तकं लहान खोक्यात, तळाला टेपचे तीन पट्टे, वर मार्करने "जड". मोठा खोका उशा-कपड्यांना. उचलणारा आधी कोपरा पायाने हलवून बघतो, पण लिहिलेलं असलं की बघावं लागत नाही.

विदर्भवीर
इकडे नागपूर-अकोल्यात शिफ्टिंगचा मोसम म्हणजे एप्रिल-मे, शाळा संपल्या की. पाठीच्या आधी ऊन माणूस पाडतं. टेम्पोच्या बंद पत्र्याच्या खोलीत बाहेरपेक्षा जास्त तापतं, आणि आत रचणारा एकच असतो. त्याला वीस मिनिटांनी बदला. पाणी तहान लागायची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे पाव लिटर. ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर एक लिटरमध्येच, ग्लासात घट्ट करून नाही. नवीन पोरगा असेल तर पहिल्या दिवशी त्याला उन्हातलं पूर्ण काम देऊ नका. पाचवा हिस्सा द्या, रोज तेवढंच वाढवत न्या.

बोलणं बरळल्यासारखं झालं, चाल झोकांड्या खाऊ लागली की तो उष्माघात, घाम येत असला तरी. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, १०८ ला फोन करा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका.

बॅटरी_आणि_बरंच
टेम्पोवाले दादा, तुमच्या पोस्टमध्ये बॅटरी आहे म्हणून. १५० एएचची ट्युब्युलर ॲसिडसकट ५०-६० किलो भरते. इन्व्हर्टर बंद, मेनचा प्लग काढलेला, मग आधी ऋण तार, नंतर धन. टोकांना टेप. उभीच न्यायची, दोन कानांना दोघं, आणि बाकी सामानात दाबायची नाही. ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर वाहतं पाणी, निदान पंधरा-वीस मिनिटं, हळद-चुना नको. जमिनीवर सांडलं तर खायचा सोडा टाकून मग पुसा.

सिलिंडर भरलेला साधारण ३० किलो. त्यात १४.२ किलो गॅस. बंद टेम्पोत गाद्यांच्या मध्ये तो कधीही नको. दुसऱ्या गावी जायचं तर एजन्सीकडे सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून कागद घ्यायचा, तिकडे नवा घ्यायचा. गिऱ्हाइकाला हे आदल्या आठवड्यात सांगा. त्या दिवशी सांगितलं की "टाका ना दादा, काही होत नाही" ऐकावं लागतं.

वॉशिंग_मास्तर
फ्रंटलोड वॉशिंग मशीनचं ड्रम अडकवायचे बोल्ट मागून बसवल्याशिवाय हलवू नका. आत काँक्रीटचं वजन असतं, मशीन ६०-७० किलोचं होतं आणि ड्रम डोलला की धरणाऱ्याचा तोल जातो. बोल्ट कंपनीने मशीनसोबत दिलेले असतात आणि लोक ते फेकून देतात.

कायद्याचं_बोला
विमा, ठरल्याप्रमाणे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) दहा किंवा जास्त कामगारांना, आणि पगार महिना २१,००० पर्यंत. आठ जणांना ते सक्तीचं नाही. पण म्हणून जबाबदारी संपत नाही. कामावर असताना अपघात झाला तर मालकाने भरपाई द्यायची, ही १९२३ च्या कायद्यापासूनची तरतूद आता सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. त्यासाठी माणसांची किमान संख्या लागत नाही, आणि गाडीत माल चढवणं-उतरवणं हे काम जुन्या कायद्याच्या अनुसूचीतच होतं. ती जबाबदारी विमा कंपनीवर टाकता येते. "कामगार नुकसानभरपाई पॉलिसी" मागा. माणसांची संख्या आणि मजुरी खरी लिहा, नाक्यावरून आणलेले रोजंदारीचे धरून. संख्या कमी दाखवली की दाव्याच्या वेळी तीच अडते.

याशिवाय प्रत्येकाच्या बँक खात्यातून पंतप्रधान सुरक्षा बीमा: वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायम अपंगत्वाला १ लाख. दवाखान्याचं बिल यात येत नाही, म्हणून ही पॉलिसीची बदली नव्हे.

नाका_कामगार_मित्र
माथाडी कायद्याचा, १९६९ च्या, उल्लेख हवाच. माथाडी मंडळाकडे नोंद असलेल्या कामगाराची मजुरी मंडळातून जाते आणि मालकाच्या लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, भरपाई मिळते. अंगमेहनतीच्या माणसाला ही हमी मिळाली ती अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीमुळे. पॅकर्स-मूव्हर्सची मुलं बहुतेक या छताच्या बाहेर आहेत, हे बोचतं.

भटक्या_कोथरूड
आणि वाराईवरून (माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीवरून) गेटवर होणारी भांडणं?

नाका_कामगार_मित्र
त्याचा वेगळा धागा काढू या, इथे पाठीचं राहू दे.

सोसायटी_सचिव_वाशी
लिफ्टवरून सगळे सोसायट्यांना बोल लावताय म्हणून लिहितो. आमची भीती वजनाची नसते. सहा माणसांची लिफ्ट ४०८ किलोची, माणशी ६८ धरून. ८० किलोचं कपाट आणि दोन माणसं त्यात आरामात. त्रास होतो तो दारात खोका अडकवून ठेवल्याने. दार सेन्सरवर दहा वेळा आपटतं आणि बिघडतं, आणि स्टीलच्या भिंतींवर चरे पडतात.

टेम्पो_चिंचवड
@सचिव, मग आम्ही आतून ६ मिमी प्लाय किंवा जाड गोधडी लावली, अनामत ठेवली आणि दारात काही अडकवणार नाही असं लिहून दिलं, तर चालेल?

सोसायटी_सचिव_वाशी
आमच्याकडे तरी चालेल. वर एक करा: आदल्या दिवशी कळवा. लिफ्ट अटेंडंट मोडवर (फक्त आतल्या माणसाच्या हुकमाने चालेल अशी) ठेवायची चावी वॉचमनकडे असते, दोन तास देता येते. लिफ्ट नाकारून माणसांना आठ मजले चढवायला लावणं मलाही पटत नाही, पुढच्या सभेत हा ठराव मांडतो.

टेम्पो_चिंचवड
सगळ्यांचे आभार. आजपासून फोनवर दर सांगणं बंद, आधी व्हिडिओ कॉलवर घर बघायचं. विचारायच्या गोष्टी अशा काढल्या: मजला, लिफ्ट आहे का आणि मिळणार का, जिन्याची रुंदी आणि चौकाची खोली टेप लावून, पायऱ्या फिरत्या की सरळ, टेम्पो दारापासून किती लांब लागणार. मग कपाट, फ्रीज, मशीन, बॅटरी, काच, दगडी देव्हारा, प्रत्येकाचं वजन मुकादम लिहिणार. ४० किलोच्या वर जे असेल त्याला ट्रॉली किंवा पट्टा आधी ठरवायचा, आणि लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्याच्या वर एक माणूस जास्त, त्याचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे दाखवून. काही राहिलं का?

जिमवाला_ठाणे
चौथ्या माणसाचे पैसे गिऱ्हाईक कापायला सांगेल.

सोनचाफा
वेगळा दाखवला आणि कारण लिहिलं तर मी तरी देईन. एकगठ्ठा आकड्यात कशाचे पैसे तेच कळत नाही, म्हणून घासाघीस होते.

बर्मिंगहॅमकर
टेम्पोचं राहिलं. जड सामान केबिनच्या भिंतीला टेकवून, खाली, रॅचेटने बांधून. टेम्पोचा मागचा फाळका एक मीटर उंच असेल तर फळी तीन मीटरची, वरच्या टोकाला हूक, टेम्पोच्या चाकांना उटी (अडसर). उतरवताना फाळका उघडणाऱ्याने बाजूला उभं राहायचं, सामान प्रवासात दाराकडे सरकलेलं असतं. आणि मागे सामानात कोणी बसायचं नाही, मग अंतर दोन किलोमीटर का असेना.

जुना_मुकादम
यादीत कपाटाची किल्ली लिहा. फळ्या, लॉकरमधलं सामान आणि आरसा काढून कपाट कुलूपबंद करायचं, वर टेप. नुसत्या टेपवर जिन्यात दार उघडतं, भार एका बाजूला जातो आणि खालच्याला काही दिसत नाही. किल्ली बहुतेक आधीच एखाद्या पर्समध्ये पॅक झालेली असते, म्हणून आदल्या रात्रीच फोन करून काढून ठेवायला सांगा.